वडील फक्त जुनेच मराठी चित्रपट बघतात, नवा लावला की उठून जातात. जुने खरंच एवढे चांगले होते का? त्यांना नवा कोणता दाखवावा?

नव्हते. जे चांगले होते ते चांगलेच होते, पण जुनं ते सोनं म्हणत सगळेच डोक्यावर घ्यायचं कारण नाही. निदान आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना तरी नाही. तुमचे वडील कुठले ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडचे असतील तर त्यांचं प्रेम मला समजतं, कारण त्या चित्रपटांत त्यांचं गाव होतं. आमचं नव्हतं.

जुन्या ग्रामीण चित्रपटातलं गाव आठवा. भरून वाहणारी नदी, काठावर धुणं धुणाऱ्या बाया, डोक्याएवढा ऊस, पाटलाचा वाडा, तमाशाचा फड. मी लातूरचा. आमची मांजरा उन्हाळ्यात अशी होते की पात्रातून मोटारसायकल घालून पलीकडं जाता येतं. लहानपणी मला वाटायचं, सिनेमातलं गाव म्हणजे ते हिरवं गाव. आपलं गाव सिनेमात घेण्याच्या लायकीचं नाही. लेकराच्या मनात असलं काही बसणं वाईट, आणि माझ्या मनात ते जुन्या चित्रपटांनीच बसवलं.

याला कारण आहे. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापुरातच. कॅमेरा जिथं होता तिथलं गाव पडद्यावर आलं, तिथली बोली ती 'गावाकडची बोली' ठरली. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. शाळा शिकायची तर उर्दूतून. इकडं कोण स्टुडिओ काढणार होतं? म्हणून त्या कलावंतांना मी बोल लावत नाही. पण "अस्सल ग्रामीण बघायचं तर जुन्यातच" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

असं म्हणणारा माणूस आमच्या घरातच आहे. माझे थोरले दाजी, मिरजेचे. त्यांच्याइतके चित्रपट बघितलेला माणूस आमच्या नात्यागोत्यात दुसरा नाही. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की विषय तिथंच. "निळूभाऊ गेले आणि गाव संपलं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, तुम्हाला आठवत असेल. ते मिरजेहूनच यायचं. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. धनेगावचं धरण कोरडं पडलेलं, आणि पाण्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावलेली. आम्ही घरात रोज पत्रावळीवर जेवायचो, का तर ताटं धुवायला पाणी नको. अंघोळ मोठ्या घमेल्यात उभं राहून करायची आणि साठलेलं पाणी संडासला वापरायचं. पाहुण्याच्या तांब्यात घोटभर पाणी उरलं तरी आई ते वेगळ्या कळशीत ओतून ठेवायची.

त्या मे महिन्यात ताई आणि दाजी आले. दाजींनी दारातच आईच्या हातून तांब्या घेतला, चूळ भरली, दोन घोट प्याले आणि राहिलेलं पाणी सवयीनं अंगणात फेकलं. आईनं ते बघितलं. जावयाला काय बोलणार? संध्याकाळी गप्पांत दाजीच म्हणाले, "आमच्या मिरजेचंच पाणी पिताय की पाव्हणं!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण ताईचं तोंड एवढंसं झालं. ती आमच्यातलीच, तिला काय वाटलं असेल!

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे 'सैराट' बघायला गेलो. २९ एप्रिलला लागलेला, खेड्यापाड्यांतून टेंपो भरून लोक येत होते. दाजी नको नको म्हणत आले, मध्यंतरापर्यंत मात्र खूश होते, 'झिंगाट'ला टाळ्या वाजवत होते. शेवट झाला आणि अख्ख्या थेटरात कुणाच्या तोंडून शब्द निघेना. बाहेर आल्यावर दाजी भडकले. "असलं दाखवायचं असतंय का? माणूस दोन घटका करमणुकीला येतोय. आमच्या काळात पाटील कितीबी वंगाळ असू दे, शेवटी गावाला न्याय मिळायचा." मी म्हणालो, दाजी, पेपरात अशा बातम्या येतात त्यांत शेवटी न्याय मिळालेला असतो का? तिथून जे पेटलं ते घर येईपर्यंत.

आणि या सगळ्यात आई मागून चालत आपल्याच नादात म्हणाली, "त्या हिरीत केवढं पाणी हाय माय!"

पोरी पोहत असतात आणि परशा धावत येऊन विहिरीत उडी टाकतो, तो प्रसंग. दाजी हसले, "मामी, सिनेमा बघितला का पाणी बघितलं?" सगळेच हसले. मला हसू आलं नाही. आईनं जन्मभर चित्रपटांत दुथडी वाहणाऱ्या नद्या बघितल्या होत्या, त्यांतल्या पाण्याबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नव्हती. कारण ती नदी सिनेमातली होती, परमुलखातली. ही विहीर तिला आपल्या शिवारातली वाटली. 'सैराट' करमाळ्याकडचा, आणि करमाळ्याला लागूनच आमच्या धाराशिवचा परंडा. पडद्यावरची माणसं आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी बोलत होती, तशाच रंगाची होती. म्हणून तिला त्या पाण्याचा हेवा वाटला. चित्रपट याहून आणखी काय आत शिरायचा? दाजींनी त्या दिवशी कथा, शेवट, गाणी सगळ्यांवर मत दिलं, पण सिनेमा आईनं बघितला होता.

म्हणून मी नव्यांच्या बाजूचा. आमची बोली पडद्यावर यायची ती नुसती हसवायला, एखाद्या गड्याच्या तोंडी. मकरंद अनासपुरेंनी ती मुख्य नायकाच्या तोंडी बसवली. हसवलं त्यांनीही, पण मान तिला मिळवून दिला. आणि मग 'पाणी' आला. नांदेड जिल्ह्यातली नागदरवाडी, तिथले हनुमंत केंद्रे, पाणी नाही म्हणून गावातल्या पोरांना पोरी मिळत नाहीत, तिथून पुढं सगळा गाव पाण्यासाठी उभा राहतो. ही आमच्या घराघरातली गोष्ट आहे. पर्यावरणावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला २०१९ साली राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि थेटरात यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. नायकाचा चेहरा मला शहरी वाटतो, काही ठिकाणी भाषाही घसरते. तरीही मी तो जुन्या डझनभर ग्रामीण चित्रपटांच्या वर ठेवतो. त्याचे दिग्दर्शक आदिनाथ कोठारे म्हणजे 'धूमधडाका'वाल्या महेश कोठारेंचे चिरंजीव. बापानं महाराष्ट्राला हसवलं, पोरानं आमच्याकडं येऊन आमचं दुखणं दाखवलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी बोलतोय. नव्यांतही बहुतेक टाकाऊच आहे. एक चित्रपट चालला की तसलेच दहा निघतात. कोयते, हळूहळू चालणारी माणसं, वरून ड्रोननं दाखवलेलं शेत. असले बघून तुमचे वडील उठून जात असतील तर बरोबरच करतात. आणि जुन्यांत एक चित्रपट असा आहे की त्याच्यापुढं माझा सगळा वाद आडवा पडतो: 'सामना', १९७४ चा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांचं लेखन. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव म्हणजे निळू फुले, आणि "मारुती कांबळेचं काय झालं?" हे विचारणं न सोडणारा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. आमच्या जिल्ह्यात प्यायला पाणी नसताना ऊस कसा आणि कुणाच्या जोरावर वाढत गेला हे ज्याला समजून घ्यायचंय त्यानं आज तो बघावा. दाजींनाही 'सामना' तोंडपाठ आहे. पण त्यांना हिंदुरावाची ऐट आठवते, मारुती कांबळे आठवत नाही. जुन्यावर जीव टाकणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच असतं, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे, जुन्या चित्रपटांशी नाही.

तर वडिलांसोबत आधी 'सामना' बघा, त्यांच्याच आवडीचा म्हणून. दोन-चार दिवस जाऊ द्या आणि 'सैराट'वाल्या नागराज मंजुळेंचाच 'फँड्री' लावा. 'सैराट'पासून सुरुवात करू नका, पुन्हा गाण्यांवरच चर्चा होईल. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येतो. तिथं मध्ये काही बोलू नका, त्यांना काय म्हणायचंय ते आधी ऐकून घ्या. त्यांना तो पचला तर मग 'पाणी'. वडील मराठवाड्यातले असतील तर क्रम उलटा करा, 'पाणी' आधी. आणि मोबाइलवर दाखवू नका, टीव्हीवर लावा, घरातल्या बायकांनाही सोबत बसवा.

आमच्या दाजींनी 'पाणी' अजून बघितलेला नाही, "बघू की" म्हणतात. ताईनं बघितलाय. दिवाळीला दोघं येतील तेव्हा मी तो लावणार आहे, आणि या खेपेला दाजींशी वाद मी घालणार नाही, ताईच घालणार आहे. तसं तिनं फोनवर सांगून ठेवलंय.