पाठकोऱ्या कागदाच्या वह्या : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात रद्दी कागदाची वही घरच्या घरी कशी बांधावी याविषयी लिहिले होते. त्यावर विदर्भातील गावागावांतून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. उरलेल्या पत्रांतील बहुतेक शंका या चारांत येऊन जातात.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. वर्षाअखेरीस मुलांच्या वह्यांत बरीच पाने कोरी राहतात. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही ती फाडून, पिना मारून नव्या वह्या केल्या. पण शाळा सुरू होऊन महिना झाला नाही तोच निम्म्या वह्यांची पाने सुटली. आमचे काय चुकले?
– एक शिक्षिका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : दोष पिनांचा थोडा आणि वहीच्या रचनेचा अधिक आहे. शाळेची साधी वही मधोमध टाचलेली असते, म्हणजे तिचे पहिले पान शेवटच्या पानाशी, दुसरे शेवटून दुसऱ्या पानाशी, असे प्रत्येक पान पलीकडच्या एका पानाशी सलग असते. मुलाने अर्धी वही लिहून सोडली की प्रत्येक कोऱ्या पानाचा जोडीदार लिहिलेला निघतो. तो फाडून टाकला की हाती उरते ते सुटे पान, आणि दुमड नसलेले पान मधून शिवता येत नाही. पिनेने ते फक्त कडेला टोचले जाते. कागद पातळ, हात मुलांचा, सगळा ताण पिनेच्या दोन टोकांवर, त्यामुळे कागद नेमका तेथेच फाटतो. पावसाळ्यात पिना गंजतात ते निराळेच.

म्हणून पाने फाडण्याआधी वही उलगडून पाहावी. पावच वही लिहिलेली असेल, तर मधले निम्मे कागद दोन्ही अंगांनी कोरे मिळतात. त्यांच्या पिना काढून कागद न फाडता तसेच ठेवावेत, पाच-पाच कागद एकात एक घालून एकेक जुज करावे आणि ही जुजे दुमडीतून दोऱ्याने शिवून एकमेकांस जोडावीत. जुजबांधणीची वही टेबलावर सपाट उघडते, हा तिचा मोठा गुण आहे. मुलांना एका हाताने वही दाबून धरत दुसऱ्या हाताने लिहावे लागत नाही.

सुट्या पानांना मात्र कडेची शिवण हाच उपाय आहे, आणि पाठकोऱ्या कागदांनाही तीच शिवण शोभते. पाठकोरा कागद, म्हणजे एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा, आपल्या शाळेत सर्वांत जास्त निघत असणार. असा ए-फोर कागद छापील बाजू आत ठेवून मधोमध दुमडावा. वही रचताना दुमड बाहेरच्या कडेला, म्हणजे पान उलटताना बोट लागते तिकडे ठेवावी आणि दोन्ही मोकळ्या कडा शिवणीकडे घ्याव्यात. छापील मजकूर दुमडीच्या पोटात जातो आणि वही उघडणाऱ्याला सर्व पाने कोरीच दिसतात. पूर्व आशियातील जुनी पुस्तके शतकानुशतके याच पद्धतीने बांधली जात. 48 कागदांची अशी 96 पानी वही होते, तिची जाडी सुमारे 1 सेंटीमीटर भरते, आणि दुहेरी पानामुळे शाईही पलीकडे फुटत नाही.

शिवणीच्या कडेपासून 1 सेंटीमीटर आत सारख्या अंतरावर चार भोके दाभणाने पाडावीत. सगळा गठ्ठा एकदम टोचू नये, दहा-बारा कागदांचे थर करून टोचावे, नाहीतर खालची भोके तिरकी जातात. गोधडीचा जाड सुती दोरा सुमारे 1 मीटर घेऊन त्यावर मेण ओढावे. दोरा भोकातून काढून वहीच्या पाठीवरून वळसा द्यावा, पुन्हा त्याच भोकातून आणावा आणि मग पुढच्या भोकाकडे जावे; टोकाच्या भोकांशी डोक्यावरून व पायथ्यावरूनही वळसा द्यावा. परतताना मधल्या मोकळ्या जागा भरत येतात आणि दोरा निघाला होता तेथेच गाठ बसते. ही वही जुजबांधणीइतकी सपाट उघडत नाही, म्हणून शिवणीकडे दोन बोटे समास सोडून लिहायला मुलांना आधीच सांगावे. चौथीची मुले शिवण स्वतः घालू शकतात. दाभण मात्र आपल्याच हाती असू द्यावे.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट लग्नपत्रिका, खोक्यांचे पुठ्ठे आणि जुन्या साड्या वापरून वह्या तयार करतो. बनवताना वही सुरेख दिसते, पण दोन दिवसांत पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. मागच्या आषाढात काही वह्यांना कसरही लागली. प्रदर्शनात मांडायची लाज वाटते.
– बचत गटाच्या अध्यक्षा, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, लाज वाटण्याचे कारण नाही, पुठ्ठा वाकणे हा शिकलेल्या बाइंडरच्याही डोक्याला ताप असतो. खळ लावली की कापड किंवा कागद ओला होऊन पसरतो आणि वाळताना आक्रसतो. तो पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला चिकटलेला असेल तर त्या अंगाला पुठ्ठा ओढला जातो. त्यावर उतारा म्हणजे आतल्या अंगालाही तितक्याच ताकदीचे अस्तर तेवढ्याच ओल्या खळीने चिकटवावे, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींना तोलून धरतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खळ हातातच सुकते, म्हणून त्या दिवसांत हे काम सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून करावे. चिकटवलेले पुठ्ठे उन्हात मुळीच ठेवू नयेत. रद्दीच्या घड्यांमध्ये घालून वर जात्याची तळी ठेवावी, ओली रद्दी दिवसातून दोनदा बदलावी आणि निदान दोन रात्री ते तसेच राहू द्यावे. घाईत उचललेला पुठ्ठा नंतर वाकणारच.

याशिवाय कागदातील तंतूंच्या दिशेकडे लक्ष द्यावे. गिरणीच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला की तो ज्या रेषेभोवती नळीसारखा वळतो, ती तंतूंची दिशा. त्याच दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. पुठ्ठा, अस्तर आणि पाने या तिघांचे तंतू वहीच्या पाठीला समांतर असले, म्हणजे वही उघडताना अडत नाही आणि वाकतही नाही. बाजारातल्या ए-फोर कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तो मधोमध दुमडला की घडी तंतूंच्या आडवी पडते. अशी घडी बांबूच्या गुळगुळीत चिपेने किंवा चमच्याच्या पाठीने चांगली घोटून घ्यावी.

जुन्या साड्यांपैकी सुती लुगडे सर्वांत उत्तम. सिंथेटिक साडीतून खळ वर उमटते आणि डाग पडतात, म्हणून तिला मागून आधी पातळ कागद चिकटवून, वाळवून मगच ती पुठ्ठ्यावर घ्यावी. लग्नपत्रिकेवरचा चकचकीत थर खळ धरत नाही. चिकटवायच्या जागी पॉलिश पेपरने तो खरवडावा. सिमेंटची किंवा खताची विणलेली प्लास्टिक गोणी चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये, ती शिवावी. शेतावर नोंदी ठेवायच्या वहीला असे वेष्टन फार टिकाऊ होते.

कसरीचे मूळ खळीत आहे. एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी मंद आचेवर ढवळत शिजवावे, लागेल तेवढीच खळ करावी, शिळी वापरू नये. जुने बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत आणि किडीला ते खरोखरच आवडत नाही. परंतु मोरचूद विषारी आहे. ते वेगळ्या भांड्यात हाताळावे, हातमोजे घालावेत आणि मुलांच्या वह्यांसाठी घालूच नये. मुलांच्या वह्यांना खळ पूर्ण वाळू देणे आणि पावसाळ्यात कोरड्या डब्यात कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह ठेवणे एवढे पुरते.

प्रश्न : दरवर्षी कापूस निघाल्यावर वावरात पऱ्हाटीचे ढीग पडतात. काही जळणाला जातात, उरलेल्या आम्ही पेटवून देतो. पऱ्हाटीचा कागद होतो असे ऐकले. घरी होईल का?
– एक शेतकरी, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : होतो, पण घरी करण्याजोगा नाही. पऱ्हाटीच्या सालीत लांब तंतू असतात, आतला भाग मात्र लाकडासारखा कठीण असतो. तो मोकळा करायला कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र क्षारात शिजवावा लागतो, आणि ते काळे पाणी नाल्यात सोडले तर आपलेच वावर बिघडते. बांबूचेही तसेच आहे, म्हणून त्याचा कागद बल्लारपूरसारख्या ठिकाणी गिरणीत होतो.

ज्याचा कागद कमी त्रासात होतो तो कापूसच, आणि तोही वापरून झालेला. सुती चिंधीत जवळपास शुद्ध तंतुद्रव्य असते, म्हणून हातकागदाला ती सर्वांत चांगली. आपल्या चलनी नोटांचा कागदही कापसाचाच आहे. 1934 साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागदाचे कामही सुरू झाले. मात्र चिंधी कुटायला यंत्र लागते, घरच्या मिक्सरची मोटर त्यात जळेल.

घरी करायचाच असेल तर फाटक्या, दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या कागदाचा करावा. तो रात्रभर भिजवून, मिक्सरमध्ये भरपूर पाण्यासह थोडा थोडा फिरवून, टबभर पाण्यात सोडावा. लाकडी चौकटीला डासांची जाळी ताणून बसवावी, तिने लगदा सपाट उचलावा, सुती कापडावर पालथा घालावा, पाणी दाबून काढावे आणि सावलीत वाळवावे. वाळल्यावर भाताची पातळ पेज लावून गुळगुळीत दगडाने घोटला नाही, तर त्यावर शाई पसरते. वर्तमानपत्राचा लगदा लवकर पिवळा पडतो, तो पुठ्ठ्यासाठीच ठेवावा. या कामाला पाणी फार लागते. विहिरी आटतात त्या दिवसांत हा उद्योग मांडणे मला योग्य वाटत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात विहिरीला पाणी असते आणि हवाही कोरडी असते, तेव्हा करावे.

माझे स्पष्ट मत असे की ज्या कागदावर अजून लिहिता येते त्याचा लगदा करू नये. प्रत्येक वेळी लगदा होताना तंतू आखूड होतात आणि काही फेऱ्यांनंतर त्यांत कागद धरून ठेवण्याचे बळ राहत नाही. आलेली पाकिटे उलगडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर गांधीजी लिहीत असत. कागदाचा तो सर्वांत स्वस्त पुनर्वापर आहे आणि त्याला थेंबभर पाणी लागत नाही.

प्रश्न : माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. बिघडलेल्या प्रतींचे पाठकोरे कागद पोत्याने निघतात. गावच्या शाळेला वह्यांसाठी देऊ का?
– एक दुकानदार, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : द्यावेत, पण निवडल्याशिवाय एकही कागद देऊ नये. आपल्या पोत्यात लोकांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, जातीचे दाखले, सातबारा आणि सही-अंगठ्याचे अर्ज असणार. वर सांगितलेल्या घडीत छापील बाजू आत जाते खरी, पण मुलाने दुमडीत पट्टी घातली की पान उघडते आणि शेजाऱ्याचा आधार क्रमांक समोर येतो. हे नुकसान कोऱ्या पानाच्या किमतीहून फार मोठे आहे. दुकानात दोन खोकी ठेवावीत आणि प्रत बिघडताक्षणीच ठरवावे : प्रश्नपत्रिका, जाहिराती, कोरे नमुने एका खोक्यात, नाव, क्रमांक, फोटो किंवा सही असलेले सर्व काही दुसऱ्या खोक्यात. महिन्याअखेरीस निवडायला बसले तर कंटाळ्यात चूक होते. पहिले खोके शाळेला द्यावे. दुसऱ्यातले कागद बारीक फाडून भिजत घालावेत. झेरॉक्सच्या काळ्या भुकटीमुळे त्यांचा लगदा करडा, ठिपक्यांचा होतो, लिहायला तो चांगला नाही, पण जाड थर देऊन वाळवला तर वहीचे पुठ्ठे त्याचे उत्तम होतात.