चिमूटभर कातडी आणि कासवाचं माहेर

समुद्री कासवांचा डीएनए तपासून नेमकं काय हाती लागतं, यावर वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: मादी ज्या किनाऱ्यावर जन्मली तिथेच अंडी घालायला परत येते, असं म्हणतात. पिल्लाला लावलेली खूण इतकी वर्षं टिकत नाही. मग हे सिद्ध कसं झालं?

जेमतेम वीस ग्रॅमचं पिल्लू समुद्रात जातं आणि काही दशकांनी शंभर किलोहून जास्त वजनाची मादी होऊन वर येते. खूण टिकणं अवघडच. पण प्रत्येक कासव एक खूण जन्मतः घेऊन येतं. ती म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातला डीएनए. तो आईकडून जसाच्या तसा मिळतो, बापाचा त्यात वाटा नसतो. माद्या खरोखरच बाळंतपणाला माहेरी जात असतील, तर पिढ्यानुपिढ्या प्रत्येक किनाऱ्याचा स्वतःचा असा आईकडचा वारसा तयार होईल. त्या वाटेल तिथे जात असतील, तर सगळीकडे एकच सरमिसळ दिसेल.

त्या काळी दुसरंही एक मत होतं. चरण्याच्या जागी नवख्या माद्या अनुभवी माद्यांच्या मागे लागतात आणि त्या नेतील त्या किनाऱ्यावर पोचतात, असं काहींना वाटे. १९९० साली मेलन, बोवेन आणि अॅविस या संशोधकांनी पश्चिम अटलांटिकमधल्या ‘हिरवं कासव’ या प्रजातीवर हाच पेच सोडवला. एकाच कुरणावर चरणाऱ्या, पण वेगवेगळ्या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या माद्यांचा डीएनए वेगवेगळा निघाला. मागे लागण्याचं मत तिथे मागे पडलं. मात्र ‘माहेर’ म्हणजे पावलाइतकी नेमकी जागा नव्हे. बहुतेक वेळा तो किनारपट्टीचा एक पट्टा असतो.

प्रश्न: नमुना कसा घ्यायचा, किती घ्यायचा आणि कशात ठेवायचा?

आधी परवानगी. समुद्री कासवांच्या सातही प्रजाती साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे कातडीची एक कुपी जरी दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेला पाठवायची असली, तरी निर्यात आणि आयात असे दोन्ही परवाने लागतात. हे काम प्रशिक्षित आणि अधिकृत माणसाचंच आहे.

मादीचा नमुना ती अंडी घालू लागल्यावर किंवा नंतर वाळू लोटत असताना घेतात. खड्डा खणत असताना हात लावला तर ती काम टाकून परत फिरते. पायावरची धातूची पट्टी आणि कातडीखालची चिप आधी तपासायची. वल्ह्यासारख्या पायाची मागची कड पोव्हिडोन-आयोडीन या जंतुनाशकाने पुसून ४ ते ६ मिलिमीटरच्या, एकदाच वापरायच्या बायोप्सी पंचने (धारदार कडेच्या छोट्या नळीने) तुकडा काढायचा आणि जागा कापसाने दाबून धरायची. प्रत्येक कासवाला नवा पंच, नवे हातमोजे. जुनाच पंच पुसून वापरला, तर दोन कासवांचा डीएनए एकत्र होतो आणि हा घोळ बराच उशिरा, अनुक्रम (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम) वाचताना उघडकीस येतो.

तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. द्रव तुकड्याच्या निदान दहापट हवा, कारण कातडीतलं पाणी बाहेर पडून द्रव पातळ होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदललेलं बरं. दुसरा पर्याय म्हणजे मिठाने संपृक्त केलेलं, २० टक्के डीएमएसओ या रसायनाचं द्रावण. ते पेट घेत नाही आणि त्यात नमुना बिनफ्रिजचा टिकतो. एकच पथ्य पाळायचं: कुपीच्या आट्यांवर मीठ साचलं की झाकण नीट बसत नाही, तेव्हा आटे पुसून मगच बंद करायचं. फॉर्मालिन मात्र कधीच वापरू नका, त्यात डीएनएचे तुकडे होतात. रक्त घेतलं असेल तर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) टाळलेलं बरं, ते पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, अडथळा आणतं. कासवाच्या तांबड्या पेशींत केंद्रक आणि त्यात डीएनए असतो, त्यामुळे रक्ताचे थोडेसे थेंबही पुरतात.

आणि लेबल! पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाका, बाहेरचं लेबल निराळं. क्रमांक पुसलेला उत्तम नमुना हा नमुनाच नव्हे.

प्रश्न: मेलेल्या पिल्लांचे नमुने चालतात का? एकाच घरट्यात बरीच सापडतात.

चालतात. पिल्लं बाहेर पडून गेल्यावर घरटं उकरताना मिळालेलं ताजं मेलेलं पिल्लू घ्यावं, सडलेलं नको. पण आईकडचा वारसा बघायचा असेल तर एका घरट्यातून एकच. भावंडांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकसारखा असतो, त्यामुळे दहा पिल्लं घेतली तरी माहिती एकाच मादीची. त्याहून फसवी गोष्ट अशी, की एकच मादी एका हंगामात साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा अंडी घालते. हंगामभर पसरलेली तीस घरटी कदाचित दहाच माद्यांची असतील. माद्यांना खुणा नसतील, तर दोन खेपांमधल्या अंतराहून कमी दिवसांत सगळे नमुने घ्यावेत.

तीस माद्यांचे नमुने पुरेत का? एखादा अनुक्रम त्या किनाऱ्यावर दहा टक्के माद्यांत असेल, तर तीस नमुन्यांत तो सुटण्याची शक्यता चार टक्के. पाच टक्क्यांत असेल, तर एकवीस टक्के. दुर्मीळ अनुक्रम हवे असतील तर साठाच्या आसपास जावं लागतं.

याउलट प्रश्न बापाचा असेल, तर एकाच घरट्यातून वीसेक पिल्लं लागतात आणि मायटोकॉन्ड्रियाऐवजी केंद्रकातले मायक्रोसॅटेलाइट (आई-बाप दोघांकडून येणारे, पुन्हापुन्हा येणाऱ्या अक्षरांचे तुकडे) तपासावे लागतात. एखाद्या नराचा वाटा दहा टक्के असेल, तर वीस पिल्लं तपासूनही तो आठांत एकदा हातून निसटतो. कोस्टारिकात ऑस्तिओनाल या सामूहिक विणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या प्रजातीच्या तपासलेल्या घरट्यांपैकी ९२ टक्के घरट्यांत एकाहून अधिक बाप आढळले. जिथे माद्या एकेकट्या येतात अशा किनाऱ्यावर हे प्रमाण ३० टक्के होतं. कुपी उघडण्याआधी प्रश्न ठरवा, हा आग्रह त्यासाठीच.

प्रश्न: जाळ्यात सापडलेलं कासव कुठल्या किनाऱ्याचं, हे डीएनए सांगेल का?

एकट्या कासवाबद्दल बहुधा नाही, जमावाबद्दल हो. समजा, पहिल्या किनाऱ्यावर ‘क’ हा अनुक्रम ९० टक्के माद्यांत आहे आणि दुसऱ्यावर १० टक्क्यांत. जाळ्यांत सापडलेल्या कासवांपैकी ३० टक्क्यांत ‘क’ निघाला, तर त्या जमावातली पाव कासवं पहिल्या किनाऱ्याची, बाकी दुसऱ्याची. प्रत्यक्षात किनारे आणि अनुक्रम पुष्कळ असतात आणि हिशेब बेझियन (शक्यतांच्या गणिताच्या) पद्धतीने संगणक करतो, पण गाभा हाच.

आता जाळ्यातल्या एका कासवात ‘क’ सापडला. ते पहिल्या किनाऱ्याचं का? दुसऱ्या किनाऱ्याची कासवं दहापट असतील, तर पहिल्याच्या दर ९० ‘क’ कासवांमागे दुसऱ्याची १०० असतील. म्हणजे ते दुसऱ्याचं असण्याची शक्यता थोडी जास्तच. लोक नेमके इथे चुकतात.

दुसरा धोका न तपासलेल्या किनाऱ्याचा. संदर्भयादीत नसलेल्या किनाऱ्याची कासवं संगणक यादीतल्याच कुणाच्या तरी नावावर टाकतो आणि उत्तर दिसायला एकदम स्वच्छ दिसतं. तसंच, जुन्या कामांत अनुक्रमाचा आखूड तुकडा वाचलेला असतो आणि अलीकडे साधारण ८०० अक्षरांचा वाचतात. आखूड तुकड्यात एकच वाटणारे अनुक्रम लांब तुकड्यात दोन-तीन निघतात, म्हणून दोन्ही थेट एकत्र करू नयेत.

पद्धत नीट वापरली तर काय साधतं, याचं उदाहरण १९९५ चं. उत्तर पॅसिफिकच्या जाळ्यांत आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ सापडलेली सुमारे ९५ टक्के लॉगरहेड प्रजातीची कासवं जपानच्या किनाऱ्यांची ठरली. अख्खा पॅसिफिक ओलांडून आलेली. जाळी एका किनाऱ्याजवळ, नुकसान पार दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्याचं.

प्रश्न: दोन किनाऱ्यांच्या डीएनएत फरक आढळला नाही. मग एकाची अंडी दुसरीकडे हलवायला काय हरकत आहे?

‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कधी नमुने अपुरे असतात. कधी वाचलेला तुकडाच मुका असतो: भूमध्य समुद्रातल्या हिरव्या कासवांत जवळजवळ सगळीकडे एकच अनुक्रम दिसतो. मायटोकॉन्ड्रियातल्याच, पुन्हापुन्हा येणाऱ्या लहान तुकड्यांची संख्या मोजल्यावर तिथले किनारे वेगळे ओळखू आले.

सर्वांत महत्त्वाचं काळाचं माप. दर पिढीला मोजक्या माद्या जरी इकडच्या तिकडे गेल्या, तरी दोन किनाऱ्यांचा डीएनए फारसा वेगळा होत नाही. पण ओस पडलेला किनारा पुन्हा भरायला मोजक्या माद्या पुरत नाहीत. जनुकांच्या हिशेबी एक असलेले दोन किनारे राखणीच्या हिशेबी दोन असू शकतात. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवरची हिरवी कासवं शिकारीने जवळपास संपली होती. आज तिथे अंडी घालणाऱ्या बहुसंख्य माद्यांचं नातं तिथल्याच कासवपालन केंद्रातून सोडलेल्या कासवांशी जुळतं, हे डीएनएवरूनच दिसलं. किनारा शेजाऱ्यांच्या भरवशावर भरला नव्हता.

तेव्हा लाटेखाली जाणारं घरटं त्याच किनाऱ्यावर वर सरकवणं वेगळं आणि अंडी परक्या किनाऱ्यावर नेणं वेगळं. दुसऱ्यासाठी ‘फरक आढळला नाही’ एवढा पुरावा आम्हाला तोकडा वाटतो.

प्रश्न: पिल्लू नर की मादी हे डीएनएवरून कळतं का?

नाही. समुद्री कासवांत लिंगगुणसूत्रं नसतात. लिंग घरट्याच्या तापमानावर ठरतं: साधारण २९ अंशांच्या वर माद्या वाढतात, खाली नर. मात्र डीएनए इथे आडमार्गाने उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चरणाऱ्या हिरव्या कासवांचं लिंग संप्रेरकांवरून आणि माहेर डीएनएवरून ठरवलं गेलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात उत्तरेकडच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या, तर दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांच्या कासवांत ६५ ते ६९ टक्के. माहेर वेगळं काढलं नसतं, तर दोन्ही आकडे एकमेकांत मिसळून गेले असते.

प्रश्न: डीएनएवरून प्रजाती तरी निर्विवाद कळते ना?

मायटोकॉन्ड्रियावरून फक्त आईची कळते. ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्यावर हॉक्सबिल या प्रजातीच्या म्हणून नोंदलेल्या माद्यांपैकी ४२ टक्के माद्यांत लॉगरहेडचा मायटोकॉन्ड्रिया सापडला. त्या संकरित होत्या. कवच एक सांगतं, मायटोकॉन्ड्रिया दुसरंच सांगतो, तेव्हा केंद्रकातला डीएनए तपासल्याशिवाय प्रजातीच्या रकान्यात काही लिहू नये.