फायरवॉलवर सारखा ‘पॉसिबल यूडीपी फ्लड’ असा अलर्ट येतो. ऑफिसवर हल्ला होत आहे का?

बहुधा नाही. यूडीपी (आधी जोडणी न करता डेटा पाठवण्याची पद्धत) वापरून एका सेकंदात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) एका पत्त्याकडे गेली, एवढीच ती नोंद असते. सॉनिकवॉल कंपनीच्या फायरवॉलमध्ये यूडीपीची ही मर्यादा मुळात सेकंदाला १००० पॅकेट असते. पॅकेट १२०० बाइटचे धरले, तर हा वेग जेमतेम दहा एमबीपीएस भरतो आणि तेवढा तर एक व्हिडिओसुद्धा सहज गाठतो.

चिंचवडच्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळत असताना दर सोमवारी सकाळी हाच अलर्ट येत असे. पुरवठादाराने हा बाहेरून होणारा हल्ला असल्याचे सांगून मोठ्या फायरवॉलचे कोटेशन पुढे केले आणि आमचे साहेब धास्तावले. मी पॅकेट कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद) घेतले, तेव्हा सगळी पॅकेट गूगलच्या पत्त्यांवरून, सुरक्षित वेबसाइटच्या ४४३ या पोर्टवरून, ट्रेनिंग हॉलमधल्या एकाच संगणकाकडे येत असल्याचे स्पष्ट दिसले. त्या वेळी तिथे नव्या कामगारांना यूट्यूबवरचे सुरक्षेचे व्हिडिओ दाखवले जात. क्रोम यूट्यूबशी क्विक (QUIC) या प्रोटोकॉलने बोलतो, क्विक यूडीपीवर चालते आणि व्हिडिओचा मजकूर एका दमात भरून घेतला जातो. हे सारे छापून साहेबांसमोर ठेवल्यावर ते म्हणाले, “मग गूगलचे पत्ते ब्लॉक करून टाका.” शेवटी नवे फायरवॉल आलेच, बसवतानाच पुरवठादाराने मर्यादा दसपट करून ठेवली, अलर्ट थांबले आणि श्रेय नव्या खोक्याला मिळाले. तोच आकडा जुन्या फायरवॉलमध्ये फुकटात बदलता आला असता, हे मी तेव्हाही सांगितले होते.

म्हणून स्रोत व गंतव्य पत्ते, पोर्ट आणि वेळ पाहिल्याशिवाय जो कोणी ‘हल्ला’ म्हणतो, त्याला आधी लॉग उघडायला लावा, मग तो विक्रेता असो वा साहेब.

मात्र अलर्ट ‘सिन फ्लड’चा (जोडणी पुरी न करता नुसत्या जोडणीच्या विनंत्यांच्या माऱ्याचा) असेल, तुमच्या बाहेर उघड्या असलेल्या सर्व्हरकडे अर्धवट जोडण्या वाढत असतील, तर वरचे सारे लागू नाही. तिथे स्रोत पत्ते बहुधा खोटे असतात, त्यामुळे ते ब्लॉक करून काहीच साधत नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट पुरवठादारावर असाच हल्ला झाल्यावर पुढे आलेली सिन कुकीची (जोडणी पुरी होईपर्यंत तिच्यासाठी सर्व्हरची जागा न अडवण्याची) सोय चालू करावी. तुमची लाइनच तुडुंब भरली असेल, तर फायरवॉल कितीही मोठे असले तरी उपाय इंटरनेट पुरवठादाराकडेच असतो.