वाचकांचे प्रश्न : होडीवरचा हौद आणि जिवंत मासळी

प्रश्न : रेवदंड्याच्या खाडीत गळावर मिळणारे जिताडे शेततळ्यात सोडण्यासाठी जिवंत आणायचे असतात. होडीत १२० लिटरचा प्लॅस्टिकचा हौद आहे आणि त्यात बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप सोडतो. तरी पाच-सहा किलो मासळी झाली की अर्ध्या तासात मासे आडवे पडतात. मोठा हौद घ्यावा का?

उत्तर : मोठ्या हौदाने मासे थोडे उशिरा आडवे पडतील, एवढेच. हिशेब करून पाहा. ३० अंश तापमानाच्या खाडीच्या पाण्यात फार तर साडेसहा मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो. तो चारच्या खाली गेला की जिताड्यावर ताण येऊ लागतो. म्हणजे १२० लिटरमध्ये वापरण्याजोगा साठा आहे सुमारे ३०० मिलिग्रॅम. गळावर झगडून दमलेला मासा किलोमागे तासाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू ओढतो, तेव्हा सहा किलोंना तासाला २४०० लागले. नवे पाणी आले नाही तर साठा सात-आठ मिनिटांत संपतो. बुडबुड्यांचा छोटा पंप या गरजेच्या मानाने फार थोडे देतो, कारण फूटभर खोलीच्या पाण्यातून मोठा बुडबुडा क्षणात वर येऊन फुटतो आणि त्यातला बहुतेक प्राणवायू हवेतच परत जातो.

उपाय म्हणजे वाहते पाणी. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक लिटरमागे वापरण्याजोगे दोन मिलिग्रॅम धरले, तर तासाला १२०० लिटर पाणी हवे. दर सहा मिनिटांनी अख्खा हौद बदलला गेला पाहिजे. त्यासाठी १२ व्होल्टचा, ५०० गॅलन प्रतितास छापलेला पंप घ्या. ५०० गॅलन म्हणजे जवळपास १९०० लिटर, पण हा आकडा पाणी वर न चढवताचा असतो. मीटरभर उंची आणि नळीची वळणे यांत तिसरा हिस्सा जातो आणि हाती नेमके तेवढेच उरते. पंप सलग चालू ठेवायचा. टायमर लावून पाच मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद असे करणारे पुष्कळ आहेत. त्या दहा मिनिटांत काय होते ते वरच्या हिशेबात आलेच आहे. पकडल्यानंतरचा पहिला अर्धा तास सर्वांत नाजूक असतो, तेव्हा तर पंपाला हातच लावू नका.

जोडणी अशी करा. येणारी नळी २० मिलिमीटरची आणि जास्तीचे पाणी बाहेर टाकणारी ४० मिलिमीटरची. दोन्ही सारख्या जाडीच्या ठेवल्या तर बाहेरच्या तोंडावर एखादे पान किंवा खवला अडकला की हौद होडीत उतू जातो. येणारे पाणी सरळ न सोडता पीव्हीसीच्या पाइपला तीन मिलिमीटरची तीसेक भोके पाडून फवाऱ्याने पाडा. फवाऱ्यामुळे पाण्यात हवा मिसळते आणि साठलेला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो. झाकण लावलेले असावे, अंधारात जिताडा शांत राहतो. पण त्याला हवेसाठी भोके हवीतच, नाहीतर तोच वायू झाकणाखाली कोंडतो. हौद काठोकाठ भरलेला ठेवा. अर्धवट हौदात लाटेबरोबर पाणी आपटते आणि माशांची तोंडे सोलून निघतात. कोपरे फायबरने भरून गोल करून घेतलेत तर फारच उत्तम.

भरलेला हौद म्हणजे सव्वाशे किलो वजन. तो होडीच्या मध्यरेषेवर आणि शक्य तितका खाली बसवा. पाणी घेण्याचे तोंड इंजिनाच्या धुरापासून आणि तळातले घाण पाणी जिथून बाहेर टाकता तिथून लांब, पुढच्या अंगाला असू द्या. डिझेलचा तवंग कल्ल्यांना चिकटला की पाणी कितीही वाहते ठेवून उपयोग नाही. पाण्याखालच्या प्रत्येक भोकाला बॉल व्हॉल्व्ह हवा, तोही ब्राँझचा किंवा सागरी वापराच्या प्लॅस्टिकचा. घरगुती पितळी व्हॉल्व्हमधले जस्त खाऱ्या पाण्यात झडते आणि तो आतून ठिसूळ होतो. ही काटकसर होडी बुडवू शकते.

पंप साधारण दोन अँपिअर घेतो, म्हणजे आठ तासांना १६ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ४० अँपिअर-तासाची वेगळी बॅटरी ठेवा. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर हा भार टाकू नका. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेल्या तांब्याची, आणि बॅटरीजवळच पाच अँपिअरचा फ्यूज.

मासा हाताळताना हात ओले हवेत आणि जाळी रबरी. कोरड्या गोणपाटाने धरलात तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तळ्यात सोडल्यावर चार दिवसांनी तिथेच बुरशी धरते. जिताड्याच्या कल्ल्यावरचे झाकण सुरीसारखे कापते, तिथे बोटे घालू नका.

प्रश्न : पंपाचा आवाज येतो, पण पाणी येत नाही. होडी जोरात नेली की हमखास असे होते. पंप बदलला, तरी तेच. (दाभोळ)

उत्तर : पंप चांगला आहे, त्यात हवा अडकते. हे पंप पाणी ढकलतात, हवा ढकलू शकत नाहीत. होडी उचलली गेली की पाणी घेण्याचे तोंड पाण्याबाहेर येते, हवा आत शिरते आणि पाते नुसते फिरत राहते. पंप पाण्याच्या पातळीखाली बसवा आणि तिथून हौदापर्यंत नळी सतत चढती ठेवा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचते आणि मागची हवा कोंडते. तोंडावर पुढच्या दिशेने उघडणारी झडप लावा. उलटी बसवली तर वेगात ती पाणी ओढून बाहेर काढते, ही चूक फार ठिकाणी दिसते. एवढे करूनही अडलेच तर होडी थांबवा, पंप बंद करा, नळीतले पाणी मागे उतरू द्या आणि पुन्हा सुरू करा.

प्रश्न : मे महिन्यात हौदात बर्फ फोडून टाकला, तर मासे ताठ झाले. प्रमाण किती ठेवावे? (मालवण)

उत्तर : सुटा बर्फ टाकूच नका. त्याने समुद्राच्या पाण्याचा खारेपणा उतरतो आणि बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही हौदात येते. झाकणबंद बाटल्यांत पाणी गोठवून त्या हौदात सोडा. एक किलो बर्फ १०० लिटर पाणी साधारण एक अंशाने थंड करतो. बाहेरच्या पाण्यापेक्षा तीन अंश खाली, याहून जास्त नको, आणि तेही अर्ध्या तासात हळूहळू. वाहत्या पाण्यात ही थंडी लगेच निघून जाते, त्यामुळे बाटल्यांचा उपयोग बंदरात शिरताना. तिथले तेलकट पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. त्याआधी बाहेरच हौद स्वच्छ पाण्याने भरून घ्या आणि हौदातलेच पाणी फवाऱ्यातून फिरवणारा दुसरा छोटा पंप लावा. अर्धा-पाऊण तास असे चालते. त्यापुढे माशांच्याच अमोनियाने पाणी बिघडू लागते.

प्रश्न : उजनी जलाशयात चिलापी, रोहू आणि मरळ एकत्र ठेवतो. मरळ सर्वांत चिवट, तरी तीच आधी मेलेली सापडते. पाण्यात मीठ घालावे का? (भिगवण)

उत्तर : मरळ वर येऊन हवा घेते. हौद झाकणापर्यंत भरलात तर ती पाण्यात असूनही गुदमरते. वर आठ-दहा सेंटिमीटर जागा सोडा आणि झाकणाला कडी लावा, कारण ती उडी मारते. तिला वेगळा हौद दिलात तर सर्वांत बरे.

मिठाचा उपयोग आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त पाण्यापेक्षा खारट असते. खवले निघाले की त्या जागेतून क्षार बाहेर जातात आणि पाणी आत शिरते. १०० लिटरला ३०० ते ५०० ग्रॅम खडेमीठ आधी विरघळवून घातले की हा ताण कमी होतो. पण ते फिरवलेल्या पाण्यातच टिकते, वाहत्या पाण्यात धुऊन जाते. आणखी एक गोष्ट : हिरव्या, शेवाळलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही तो वापरत असते. अशा वेळी नुसत्या बदलत्या पाण्यावर विसंबू नका, फवारा हवाच.

प्रश्न : कुर्ल्या हौदात ठेवल्या तर मासळीच्या आधी मरतात. का? (देवबाग)

उत्तर : त्यांना हौदात ठेवूच नका. कल्ले ओले राहिले तर कुर्ली हवेत तासन्‌तास जगते. साचलेल्या पाण्यात मात्र ढिगाने टाकलेल्या कुर्ल्या तिथला प्राणवायू संपवतात. नांगे बांधा, पाठ वर ठेवून टोपलीत लावा, ओले गोणपाट घाला आणि सावलीत ठेवून अर्ध्या तासाने खाडीचेच पाणी शिंपडा. वारा थेट लागू देऊ नका, त्याने कल्ले सुकतात. अंडी धरलेली मादी तिथल्या तिथे पाण्यात सोडून द्या.

प्रश्न : खोल पाण्यातला गोबरा हौदात उलटा तरंगतो, तोंडातून फुगा बाहेर येतो. तो फोडावा का? (देवगड)

उत्तर : नाही. तोंडातून आलेले ते माशाचे पोट आहे, हवेची पिशवी नव्हे. खोलीवरचा दाब सुटल्यामुळे आतली पिशवी फुगते आणि पोटाला बाहेर ढकलते. हवा काढायची तर छातीच्या पराच्या टोकामागे, खवल्याखालून, १६ गेजची निर्जंतुक पोकळ सुई ४५ अंशांत तिरकी घालून हळूच काढतात. हे जाणत्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. तोवर असा मासा जिवंत ठेवण्याच्या खटाटोपात पडू नका, लगेच बर्फात घाला. जिवंत विकायचा गोबरा उथळ खडपातलाच धरा.