सही झाली, पण शॉवर कुठंय?

मागच्या अंकात सहज म्हणून लिहिलं होतं की लॅबमधल्या सेफ्टीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि एवढे प्रश्न आले की निवडताना वैतागले. नावं मुद्दामच दिलेली नाहीत, बऱ्याच जणांनी आपल्याच साहेबांबद्दल लिहिलंय. मी स्वतः २१ वर्षं क्यूसीमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये, काढली आणि आता गावोगाव फिरून ट्रेनिंग देते, तेव्हा जे सांगतेय ते बहुतेक स्वतःचे हात पोळूनच शिकलेलं आहे.

ताई, मी एमएस्सी ऑरगॅनिक करून एका औषध कंपनीत क्यूसीला लागलेय. पहिल्या दिवशी दोन तास पीपीटी, मग २० प्रश्नांचा पेपर, त्याची उत्तरं सरांनीच सांगितली आणि रजिस्टरवर सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी थेट बेंचवर. एवढं ट्रेनिंग पुरतं का? – एक वाचक, कुरकुंभ

नाही गं, नाही पुरत. ती सही ऑडिटवाल्यांसाठी असते, तुझ्यासाठी नाही. पण आता कंपनीवर चिडून काही होणार नाही, उद्या एक कर. तुझ्या बेंचपाशी उभी राहा, डोळे घट्ट मीट, मैत्रिणीला शेजारून चालायला सांग म्हणजे कशावर आपटणार नाहीस, आणि आयवॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत, चालत जाऊन दाखव. तिनं मोजायचं. साधारण १० सेकंदांत पोचता यायला पाहिजे असा हिशोब असतो. हसू नकोस, डोळ्यात ॲसिड उडालं की डोळे उघडतच नाहीत, तेव्हा तुला असंच जायचंय.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नोकरीला चार वर्षं झाली होती, चार वर्षं! शॉवरखाली, म्हणजे अंगावर रसायन सांडलं किंवा कपडे पेटले की धावत जायचं त्या शॉवरखाली, झेरॉक्स पेपरचे खोके रचलेले, ते बाजूला करून साखळी ओढली तर आधी नुसता खर्रर्र आवाज आणि मग गंजाचं लाल पाणी, चांगलं अर्धा मिनिट. नशीब की त्या दिवशी कुणी जळत नव्हतं. तेव्हापासून मी जाईन त्या लॅबमध्ये आधी शॉवर ओढते आणि मग चहा घेते. आयवॉश आठवड्यातून एकदा सोडून बघायचा असतो, तुमच्याकडे कोण सोडतं ते विचार, उत्तर देताना लोक एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा. आणि डोळे धुवायचे ते १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. घड्याळ लावून एकदा नुसतं वाकून उभी राहून बघ म्हणजे कळेल १५ मिनिटं किती असतात, खरं लागलं की माणूस दोन मिनिटांत 'आता बरंय' म्हणून उठतो, म्हणून बाजूच्यानं धरून ठेवायचं हेही आधीच ठरलेलं पाहिजे.

मग एसडीएस, म्हणजे प्रत्येक रसायनाचं सुरक्षिततेचं माहितीपत्रक. १६ भाग असतात, सगळे कुणी वाचत नाही, मीही नाही. आज जी बाटली उघडणारेस तिचा चौथा भाग वाच, प्रथमोपचाराचा, मग आठवा, म्हणजे काय घालायचं, आणि दहावा, कशाशी जमत नाही. तो दहावा मी एकदा वाचला नव्हता. काचसामान धुतलेलं नायट्रिक ॲसिड संध्याकाळी घाईघाईत वेस्टच्या बाटलीत ओतलं आणि झाकण घट्ट लावून घरी गेले, बाटलीत आधीचं मेथॅनॉल होतं. रात्री बाटली फुटली. दोन्ही मिळून आतल्या आत गॅस होत राहतो आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. सकाळी बघितलं तर काच समोरच्या भिंतीतल्या कपाटात रुतलेली, आणि मी रोज जिथं उभी राहायचे ती जागा मधेच. त्या दिवसापासून वेस्टची बाटली ओतण्याआधी लेबल दोनदा वाचते, घरच्या लोणच्याची बरणीसुद्धा :)

ग्लोव्हजचं पण विचारून घे. निळे नायट्राइल घातले म्हणजे चिलखत घातलं असं नाही, ॲसिटोन किंवा डायक्लोरोमिथेन त्यातून मिनिटाभरात आत येऊ शकतं, तेव्हा उडालं की लगेच काढून नवे घालायचे. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केरेन वेटरहान नावाच्या प्राध्यापिका होत्या, धातूंच्या विषारीपणावरच काम करायच्या, ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांच्या लॅटेक्सच्या ग्लोव्हजवर डायमिथाइल मर्क्युरीचे, म्हणजे पाऱ्याच्या एका जहाल विषारी संयुगाचे, एक-दोन थेंब पडले. नंतर तपासलं तेव्हा कळलं की ते काही सेकंदांतच ग्लोव्हजमधून आरपार जातं. त्रास सुरू झाला काही महिन्यांनी, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांची चूक नव्हती, तेव्हा लोकांना ते माहीतच नव्हतं. आपल्याला माहीत आहे एवढाच फरक.

आणि ग्लोव्हज काढायचे कसे हे पीपीटीत शिकवता येत नाही. मी ट्रेनिंगमध्ये कपड्यांच्या निळीचं घट्ट पाणी करते, सगळ्यांच्या ग्लोव्हजना चोपडते आणि म्हणते काढा आता. मग मनगटावर, बाहीवर, एकाच्या तर चष्म्याच्या काडीवर निळे डाग. पोरं आधी हसतात, मग गप्प होतात. दोन रुपयांची नीळ लागते, तुमच्या सरांना सांग.

आम्ही एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहोत. सगळं कल्चरचं काम लॅमिनारमध्ये करतो. मॅडम म्हणतात लॅमिनारमध्ये आहे म्हणजे सेफ. खरं का? – एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

कुणासाठी सेफ हे विचार. साध्या लॅमिनारची, म्हणजे स्वच्छ हवेच्या त्या कपाटाची, हवा फिल्टरमधून येऊन तुझ्या तोंडाकडे वाहते, म्हणजे प्लेट एकदम स्वच्छ राहते आणि प्लेटमधलं जे उडेल ते तुझ्या नाकात. मीडिया ओतायला, टिश्यू कल्चरच्या रोपांना झकास. रोग करणारे जंतू असतील तर बायोसेफ्टी कॅबिनेट पाहिजे, क्लास टू, त्यात हवा पुढच्या जाळीतून आत ओढली जाते म्हणून तूही वाचतोस आणि सॅम्पलही. दिसायला दोन्ही सारखीच, पांढरा डबा पुढे काच, म्हणून गोंधळ होतो. खात्री करायची असेल तर टिश्यूपेपरची बारीक पट्टी काचेच्या खालच्या कडेला धर, आत ओढली जाते की तुझ्याकडे फडफडते ते बघ.

जाता जाता एक, कोविडनंतर आरटीपीसीआरची कामं कॉलेजांतपण आली म्हणून सांगते. किटमधल्या लायसिस बफरमध्ये, म्हणजे विषाणू फोडायच्या द्रावणात, बहुतेक वेळा ग्वानिडीन नावाचं रसायन असतं, त्यावर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, ओतायचं नाही, विषारी गॅस होतो. सांडलं की हायपो टाक ही सवय लागलेली असते ना, तिथंच घात होतो.

मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेल्या आठवड्यात रक्त घेतल्यावर सुईला टोपण लावताना बोटात टोचली. डॉक्टर म्हणाले दाबून रक्त काढ आणि डेटॉल लाव, काही होत नाही. मला झोप लागत नाहीये. – एक वाचक, सोलापूर जिल्हा

ताई, तुम्हाला मी फोनवरच उत्तर दिलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. टोचली की वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बस. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, डेटॉल स्पिरिट ब्लीच काही लावायचं नाही. आणि त्याच क्षणी सरकारी दवाखाना गाठायचा, एचआयव्हीसाठी पीईपीच्या, म्हणजे लागण टाळायच्या, गोळ्या मिळतात, दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यायच्या. ज्याचं रक्त होतं त्याचीही तपासणी होते. घाबरवायचं नाहीये, एचआयव्हीचा धोका अशा टोचण्यात साधारण ०.३ टक्के असतो. खरी भीती हेपॅटायटिस बीची, लस घेतलेली नसेल तर पेशंटच्या रक्तानुसार तो ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुमचे ७२ तास उलटून गेलेत म्हणून काही करायचं उरलं नाही असं नाही, डॉक्टरांना तारीख सांगून तपासण्या आणि बीच्या लसीचं विचारा, आजच.

आता तुमच्या लॅबमालक डॉक्टरांसाठी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत लिहिलंय की कर्मचाऱ्याला कामावर घेताना आणि मग दरवर्षी ट्रेनिंग द्यायचं, आरोग्य तपासणी करायची, हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. ही मेहेरबानी नाही. आणि सुईला टोपण परत लावायचंच नसतं, ती पांढऱ्या कडक डब्यात जाते, त्या डब्याची किंमत डॉक्टरसाहेबांच्या एका जेवणापेक्षा कमी असेल.

मी ज्युनियर कॉलेजात १८ वर्षं लॅब अटेंडंट आहे. ॲसिड पातळ करणं, बाटल्या आणणं, धुणं, सांडलेलं पुसणं सगळं मीच करतो. ट्रेनिंगला कायम सर लोक जातात. मला आजवर एकदाही कुणी बोलावलं नाही. – एक वाचक, सांगली जिल्हा

काका, या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं. बाटली खरोखर ज्याच्या हातात असते तो ट्रेनिंगच्या यादीत नसतो, हे मी सगळीकडे बघते. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, तोंडी नको, आणि पोचवर सही घ्या.

तोवर इथून थोडं सांगते, बरंचसं तुम्हाला माहीतच असेल. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. सल्फ्युरिक पाण्याच्या पावणेदोन पटींहूनही थोडं जास्त जड, वर ओतलेलं पाणी वरच राहतं आणि जागेवर उकळतं, गरम तेलात ओली मिरची पडल्यावर फोडणी उडते तसं तोंडावर. अडीच लिटरची बाटली मानेला धरून नेऊ नका, बादलीत ठेवून न्या, आणि स्लीपर घालून तर नकोच. हातावर उडालं तर सोडा शोधत बसायचं नाही, नळ सोडायचा आणि १५ मिनिटं हात धरायचा.

कपाट उघडून बघा एकदा. हायड्रोक्लोरिकची आणि अमोनियाची बाटली एकाच कप्प्यात असतील तर सगळ्या बाटल्यांवर पांढरी भुकटी साचलेली दिसेल, लोक तिला धूळ म्हणून पुसतात, तो अमोनियम क्लोराइड आहे, दोघांची वाफ मिळून झालेला. वेगळं करा. आणि मागच्या रांगेत पिवळ्या पिक्रिक ॲसिडची किंवा इथरची जुनी बाटली असेल, झाकणाभोवती खडे धरलेले, तर हात लावू नका, झाकण फिरवून बघू नका, हलवूही नका. वाळलेलं पिक्रिक ॲसिड धक्क्यानं फुटतं, जुन्या इथरमधल्या पेरॉक्साइडचंही तेच. खोलीला कुलूप लावा, सरांना सांगा, आणि ती बाटली हलवायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, 'काका तेवढं टाकून या ना' म्हटलं तरी.

माझी मुलगी अमेरिकेत केमिस्ट्रीत पीएचडीला गेलीय. तिला लॅबची किल्ली मिळायच्या आधी चार-चार ट्रेनिंग करावी लागली. एवढं अति नाही का वाटत? – एक आई, नाशिक

वहिनी, ते अति कुणाच्या तरी जिवावर आलंय. २९ डिसेंबर २००८ ला लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात शेरी सांगजी नावाची २३ वर्षांची मुलगी टर्ट-ब्युटाइल लिथियम सिरिंजनं ओढत होती, हवेत आलं की पेट घेणारं रसायन. सिरिंजचा दट्ट्या निघाला, अंगावर एप्रन नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता, तो पेटला. १८ दिवसांनी ती गेली. नंतर चौकशीत तिला ट्रेनिंग दिल्याची नोंदच सापडली नाही. तिकडचे बरेच नियम त्यानंतर कडक झाले. आणि बरोबर वर्षानं, २९ डिसेंबर २००९ ला, आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, केमिस्ट्रीच्या लॅबला आग लागून दोन तरुण संशोधक गेले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर २०१८ मध्ये सिलिंडरच्या स्फोटात एक जण गेला. मुलीला म्हणावं पाचवं ट्रेनिंग असेल तर तेही कर. आणि दिवाळीला तुम्ही पाठवलेला तो नायलॉनचा कुर्ता लॅबमध्ये घालू नको, सुती पाठवा.

एप्रन घरी नेऊन धुतला तर चालतो का? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

पॅथॉलॉजी किंवा मायक्रोचा असेल तर अजिबात नाही, तो लॅबमध्येच राहतो, आधी निर्जंतुक होतो मग धुतला जातो. केमिस्ट्रीचा नेण्याशिवाय इलाज नसेल तर वेगळ्या पिशवीत ने, घरच्या कपड्यांत न मिसळता धू, आणि ज्यावर काही सांडलंय तो नेऊच नकोस. आणि तो घालून कँटीनमध्ये वडापाव खायला जाता ना सगळ्या, मी बघितलंय, बाहीवर जे लागलेलं असतं ते चटणीबरोबर पोटात जातं. खिळ्याला अडकवून जा.