व्हर्सायच्या आरसेमहालात इतके आरसे का लावले? तिथे गेल्यावर नेमकं काय बघावं?

आरसे लावले ते फ्रान्सची ऐपत दाखवायला. सतराव्या शतकात उत्तम आरसा म्हणजे व्हेनिसचा, आणि ती विद्या व्हेनिसने जिवापाड जपलेली. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने तिथले कारागीर फोडून आणले आणि १६६५ साली राजाश्रयाने आरशांचा कारखाना सुरू केला. १६७८ ते १६८४ या काळात मान्सार या वास्तुकाराने हा ७३ मीटर लांबीचा महाल उभारला, तेव्हा आरसे या कारखान्यातूनच आले. एका बाजूला बागेकडे उघडणाऱ्या १७ खिडक्या, समोर आरशांच्या तेवढ्याच कमानी.

कमानीच्या जवळ जाऊन सांधे नक्की बघा. प्रत्येकीत २१ तुकडे बसवलेले आहेत, एकूण ३५७. एवढी मोठी एकसंध काच ओतायचं तंत्र तेव्हा हाती आलेलं नव्हतं. जुन्या आरशांच्या पाठीला कथील आणि पाऱ्याचा लेप आहे, त्यामुळे प्रतिबिंब आजच्या आरशापेक्षा जरा मंद दिसतं. खिडक्या पश्चिमेला असल्याने जमलं तर दुपार कलल्यावर जा.

पण माझं ऐकाल तर मान वर करा. आरशांच्या नादात बहुतेक लोक छत बघतच नाहीत, आणि महालाचा खरा जीव तिथेच आहे. ल ब्रँ या चित्रकाराच्या मनात आधी अपोलो, मग हर्क्युलिसच्या कथा रंगवायच्या होत्या. शेवटी ठरलं, देव नकोत, खुद्द राजाचाच पराक्रम रंगवायचा. म्हणून ३० चित्रांत लुईने स्वतः कारभार हाती घेतल्यानंतरची पहिली १८ वर्षं आहेत. एका चित्रात तो रथात बसून, हातात वज्र घेऊन ऱ्हाईन ओलांडतोय. १६७२ ची हॉलंडवरची स्वारी ती. हॉलंड, स्पेन आणि जर्मन साम्राज्य यांना नमवल्याची शेखी या छतावर उघड मिरवलेली आहे.

हे कळलं की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो. १८ जानेवारी १८७१ रोजी, फ्रान्सला हरवल्यावर, जर्मनांनी आपल्या साम्राज्याची घोषणा मुद्दाम याच छताखाली केली. फ्रेंचांनी तो अपमान गिळला, पण विसरला नाही. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीला २८ जून १९१९ ला तहावर सही करायला त्यांनी इथेच आणलं. त्या तहावर हिंदुस्थानतर्फे भारतमंत्री माँटेग्यू यांच्याबरोबर बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांचीही सही आहे.