फुरेन ही कुणी बाई नव्हे, आणि ते साहित्य मंडळही नव्हे

प्रश्न असा आलाय: 'हाँगकाँगमधल्या "फुरेन साहित्य मंडळा"तला हा फुरेन कोण, आणि साहित्यवाल्यांचा चिनी क्रांतीशी काय संबंध?' बरं झालं विचारलंत. स्पर्धा परीक्षांच्या व्हिडिओंत 'फुरेन नावाच्या विचारवंताने स्थापन केलेली संस्था' हे मी आता तिसऱ्यांदा ऐकलं आणि डोकं फिरलं. असा विचारवंत झालाच नाही हो!

'साहित्य'चं आधी उरकतो. मूळ नाव 'फुरेन वेन्-शे'. शे म्हणजे मंडळ. वेन् म्हणजे मुळात रेघांची नक्षी, मग लिपी, मग लेखन आणि मग एकूण विद्या. इंग्रजीत कुणीतरी 'लिटररी सोसायटी' केलं आणि आपल्याकडे ते डोळे मिटून उचललं, की झालं कवी मंडळ. प्रत्यक्षात १३ मार्च १८९२ ला हाँगकाँगच्या पाक त्झ लेनमध्ये जमलेली ही जेमतेम सोळा-सतरा पोरं, इंग्रजी शाळांत शिकलेली, बरीचशी कारकुनी नाहीतर मास्तरकी करणारी. पुढारी येउंग कू-वान, गोदीतल्या अपघातात उजव्या हाताची तीन बोटं गमावलेला. सोबत सिडनीत जन्मलेला त्से त्सान-ताय. ब्रीदवाक्य चक्क लॅटिन, अर्थ 'देशप्रेम वाट दाखवतं', आणि त्यातला देशासाठीचा शब्द 'पात्रिया' आपल्या 'पितृ'च्या भावकीतलाच, पण तो विषय वेगळा, त्यात शिरलो तर इथंच संध्याकाळ होईल.

आता फुरेन. हे 'लुन्-यू' या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातल्या एका वाक्यातून उचललंय: सज्जन माणूस विद्येच्या निमित्ताने मित्र जमवतो आणि मित्रांच्या आधाराने आपल्यातलं 'रेन' वाढवतो. रेन म्हणजे माणुसकी (त्या चिन्हात माणूस आणि दोन असं दिसतं, त्यावर व्हॉट्सअॅपवर प्रवचनं चालतात, मी पास). वाक्याच्या पहिल्या अर्ध्यातून 'वेन्' घेतलं, दुसऱ्या अर्ध्यातून 'फु-रेन', आणि मधले 'मित्र' गुपचूप गाळले. माझा तर्क असा की हे मुद्दाम केलंय. शिकलेला चिनी माणूस गाळलेलं आपोआप पुरं करणार आणि परक्याला वाटणार, चला, पोथ्या वाचणारी निरुपद्रवी पोरं आहेत. याला पुरावा माझ्याकडे नाही, पण तर्क मी सोडणार नाही.

खरी मजा 'फु'त आहे. कोशवाले 'मदत करणे' लिहून मोकळे होतात, त्यांना त्या चिन्हाच्या डाव्या बाजूला अख्खी गाडी उभी असलेली दिसत नाही का? फु म्हणजे भरलेल्या गाडीच्या चाकाला आधार म्हणून बाजूने बांधायचा दांडा, म्हणजे टेकूच. 'शिजिंग' या प्राचीन काव्यसंग्रहात एक कवी चिडून म्हणतो, गाडी भरून झाली की तू टेकू काढून फेकतोस, मग माल सांडला की दादा मदत करा म्हणून हाका मारतोस! पुढं बजावतो की बाबा रे टेकू टाकू नकोस, तुझे आरे त्याच्यावरच तगलेत.

आणि नेमकं तेच या मंडळाचं झालं बघा. चीनमधली राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीचा पुढारी म्हणून ओळखला जाणारा सन यत्-सेन, त्याने १८९४ च्या नोव्हेंबरात होनोलुलूत 'शिंग-जुंग हुई' म्हणजे चीन पुनरुत्थान सभा काढली, १८९५ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगला येऊन फुरेनवाल्यांना तिच्यात सामावून घेतलं, अध्यक्ष येउंग झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरातला पहिला उठाव फसला. १९०० साली येउंगने अध्यक्षपद सनसाठी सोडलं. १९०१ च्या जानेवारीत गेज स्ट्रीटवरच्या घरात मुलांना इंग्रजी शिकवताना छिंग राजघराण्याच्या सरकारने पाठवलेल्या मारेकऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. हाँगकाँगच्या स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर वरून तुटलेला खांब आहे, नाव नाही, फक्त ६३४८ हा आकडा. गाडी भरली, टेकू फेकला, आणि आपल्याकडे चिनी क्रांती म्हटलं की एकटा सन!

भाषांतर हवं असेल तर 'साहित्य मंडळ' सोडा, 'मित्रमेळा' म्हणा. नाशिकचा मित्रमेळा १९०४ साली अभिनव भारत झालाच की, तिथंही नाव ऐकून कुणाला काय कळणार होतं.

हां, बाईचं राहिलं. एकाने विचारलंय, फुरेन म्हणजे 'मॅडम' ना? तोही शब्द आहे, पण चिन्ह वेगळं आणि सूरही वेगळा. 'फु' उंच आणि सपाट म्हटलंत तर बाई, खाली नेऊन वर आणलंत तर टेकू.